मान मागे टाकलेली, अचानक आंधळी झालेली शेळी: ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर उपचार आणि नंतरचा सांभाळ

काल संध्याकाळपर्यंत चरणारी शेळी सकाळी कळपापासून बाजूला उभी दिसते. कान पडलेले, खाणं सोडलेलं, हाक मारली तरी लक्ष नाही. दुपारपर्यंत ती भिंतीला, दावणीला धडकायला लागते. मग डोकं भिंतीला टेकवून ढकलत राहते, किंवा मान वर करून आभाळाकडे बघत राहते. त्यानंतर तोल जातो, ती आडवी पडते, मान पाठीकडे वळते, चारही पाय ताठ होतात, झटके येतात. पहिल्या लक्षणापासून इथवर यायला कधी दोन दिवस लागतात, कधी एक रात्र पुरते.

गावाकडे याला 'वारं लागलं' म्हणतात, कानाजवळ डागही देतात. डाग देऊन यात काहीही साधत नाही, उलट उपचाराचे चार-सहा तास वाया जातात. बहुतेक वेळा या शेळीच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपलेलं असतं. या आजाराचं लांबलचक नाव पोलिओएन्सेफॅलोमॅलेशिया. शेळीपालक त्याला थोडक्यात 'पोलिओ' म्हणतात, पण माणसांच्या पोलिओशी याचा काही संबंध नाही आणि तो एका शेळीपासून दुसरीला लागत नाही. वेळेवर आणि पुरेसं थायमिन मिळालं तर आडवी पडलेली शेळीही उठते. 'वेळेवर' इतकंच 'पुरेसं' महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच शेळ्या इंजेक्शन देऊनही मरतात ते मात्रा कमी पडल्यामुळे.

ब-१ संपतं कसं

रवंथ करणाऱ्या जनावराला हे जीवनसत्त्व सहसा बाहेरून द्यावं लागत नाही. कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव ते रोज तयार करतात. चारा तंतुमय असला, रवंथ नीट चालू असली की हा कारखाना सुरळीत चालतो. शेळीला अचानक भरपूर दाणा मिळाला की कोठीपोट आंबतं, नेहमीचे जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी थायमिनेज नावाचं विकर सोडणारे जिवाणू माजतात. हे विकर थायमिन तोडतं. म्हणजे तयार होणं कमी आणि नासणं जास्त.

मेंदू साखरेवर चालतो आणि ती साखर वापरायला थायमिन लागतं. ते संपलं की मेंदूच्या पेशी उपाशी पडतात आणि सुजतात. कवटीत सुजेला जागा नसते, म्हणून दाब वाढतो. दृष्टीचं केंद्र मेंदूच्या बाहेरच्या थरात असतं आणि मार तिथेच आधी बसतो. त्यामुळे डोळे धडधाकट असूनही शेळीला दिसत नाही.

आपल्याकडे ही वेळ कधी येते ते ओळखीचं आहे. ज्वारीची काढणी होते, शेळ्या खळ्यावर सुटतात आणि कणसांच्या ढिगावर ताव मारतात. लग्नसराईत पंगतीतला उरलेला भात, पोळ्या, बुंदी टोपलीभर घातली जाते. बकरी ईदच्या आधी दोन महिने बोकडाला मका आणि गव्हाचा भरडा झपाट्याने वाढवला जातो. दूध तोडलेल्या दोन ते सहा महिन्यांच्या करडांना लवकर वजन यावं म्हणून चारा कमी आणि खुराक जास्त दिला जातो, आणि हीच करडं सगळ्यात जास्त बळी पडतात. बुरशी लागलेला भरडा किंवा पेंडही घातक.

दोन कारणं सहज नजरेतून सुटतात. रक्ती हगवणीवर, म्हणजे कॉक्सिडिओसिसवर, देतात ते अँप्रोलियम रचनेने थायमिनसारखंच असतं आणि त्याची जागा अडवतं. ते जास्त मात्रेत किंवा सांगितल्यापेक्षा जास्त दिवस दिलं की करडांना हाच आजार होतो. दुसरं कारण गंधक. उसाच्या पट्ट्यात मळी जास्त खाऊ घालतात, काही विहिरींच्या पाण्यात सल्फेट जास्त असतं. जास्तीच्या गंधकाचा कोठीपोटात विषारी वायू बनतो आणि मेंदूला तशीच इजा होते. अशा शेळीच्या ढेकरेला कधी कधी कुजक्या अंड्याचा वास येतो. गंधकाच्या आजारात थायमिन द्यायचंच, पण गुण कमी येतो हे धरून चालावं.

आधी दहा मिनिटांची तपासणी

हातात रबरी मोजे घाला. हे आधी सांगण्याचं कारण रेबीज. पिसाळलेल्या जनावराचीही चाल बिघडते, गिळता येत नाही, लाळ गळते. कळपावर अलीकडे कुत्रा किंवा कोल्हा आला असेल, शेळीचं ओरडणं बदललं असेल, ती अंगावर धावत असेल, तर तोंडात हात घालू नका, बांधून ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत लांब राहा. लाळ जखमेवर किंवा डोळ्यात गेली असेल तर भरपूर पाण्याने साबण लावून जखम, आणि नुसत्या स्वच्छ पाण्याने डोळा, पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस घ्या.

मग डोळे. तळहात शेळीच्या डोळ्यासमोर झटकन आणा, पण वारा लागणार नाही आणि केस हलणार नाहीत असा. दिसणारी शेळी पापणी मिटते. मिटली नाही तर सावलीत नेऊन मोबाइलची बॅटरी डोळ्यावर मारा. बाहुली आकुंचन पावते का ते बघा. पापणी मिटत नाही पण बाहुली आकसते, ही ब-१ च्या कमतरतेची सर्वांत कामाची खूण आहे. बुबुळं वर-आत वळलेली किंवा थरथरणारी दिसली तर संशय आणखी पक्का.

ताप मोजा. थर्मामीटर गुदद्वारात दोन मिनिटं ठेवा. शेळीचं नेहमीचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ अंश फॅरेनहाइट. या आजारात सुरुवातीला ताप नसतो. झटके आल्यावर मात्र अंग तापतं, तेव्हा झटका थांबल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

डाव्या कुशीवर मूठ दाबून ठेवा. निरोगी शेळीत मिनिटाला एक-दोनदा कोठीपोट हाताला ढकलतं. इथे ते मंद किंवा थांबलेलं असतं, आणि दाणा जास्त झाला असेल तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागतं.

दुसरे काही आजार असेच दिसतात. चेहऱ्याची एकच बाजू लोंबते, एक कान पडतो, लाळ गळते, ताप आहे आणि शेळी एकाच बाजूला गोल फिरते, तर लिस्टेरिओसिस, म्हणजे मेंदूला होणारा जिवाणूंचा संसर्ग, धरा. खराब मुरघास खाऊ घातला असेल तर आणखीच. अंग लाकडासारखं, जबडा घट्ट, कान ताठ आणि महिन्याभरात खच्चीकरण किंवा जखम झालेली, तर धनुर्वात. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यातली, पोटात जुळी-तिळी असलेली शेळी सुस्त झाली असेल तर आधी किटोसिस, म्हणजे शरीराला ऊर्जा कमी पडून होणारा आजार, तपासा. जुनी बॅटरी, रंगाचा डबा चाटला असेल तर शिशाची विषबाधा, तीही आंधळेपणाच देते. गेले कित्येक आठवडे हळूहळू एका बाजूला गरगर फिरणारी शेळी असेल तर मेंदूत जंताची गाठ, म्हणजे गिड, असू शकते. आणि उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर असलेल्या शेळ्या फक्त अंधारात धडपडत असतील तर ती अ जीवनसत्त्वाची कमतरता, तिचा उपचार वेगळा.

घरी बसून हे सगळं शंभर टक्के ठरवता येत नाही, आणि ठरवत बसूही नये. थायमिन जास्त झालं तर ते लघवीवाटे निघून जातं, नुकसान होत नाही. म्हणून संशय आला की पहिलं इंजेक्शन द्यायचं आणि निदान नंतर पक्कं करायचं. लिस्टेरिओसिस नाकारता येत नसेल तर डॉक्टर त्याच वेळी प्रतिजैविकही सुरू करतात. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना बंद असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलवा.

वजन, मग हिशेब

मात्रा वजनावर ठरते आणि अंदाज बहुधा कमीच निघतो. शिलाईची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे वजन किलोत. २८ इंच घेर आणि २६ इंच लांबी असेल तर २८ × २८ × २६ = २०,३८४; भागिले ६६० म्हणजे साधारण ३१ किलो. आडवी पडलेली असली तरी ही दोन मापं घेता येतात.

थायमिनची मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम, एका वेळेला. ३० किलोच्या शेळीला ३०० मिलिग्रॅम, ८ किलोच्या करडाला ८० मिलिग्रॅम.

आता बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. इथेच सगळी चूक होते. नुसत्या थायमिनच्या इंजेक्शनात एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असेल तर ३० किलोच्या शेळीला ३ मिलि पुरतं. ब-१, ब-६, ब-१२ एकत्र असलेल्या इंजेक्शनात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम ब-१ असेल तर ६ मिलि लागतं. पण साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतं, म्हणजे एका वेळेला ३० मिलि हवं. आणि टोचलं जातं ५ मिलि. सहावा हिस्सा देऊन 'बी-कॉम्प्लेक्स दिलं होतं तरी गेली' असं म्हणायची वेळ येते. डॉक्टरांशी फोनवर बोलतानाही 'किती मिलि' नव्हे, 'किती मिलिग्रॅम ब-१' दिलं ते सांगा.

पहिली मात्रा शक्य असेल तर शिरेतून, आणि ती डॉक्टरांनीच द्यावी. शिरेतून भरकन दिली तर शेळी जागेवर कोसळू शकते. दोन-तीन मिनिटं घेऊन हळूहळू द्यायची असते. डॉक्टर यायला तास-दोन तास असतील तर त्यांना फोनवर विचारून स्नायूत द्या, वाट बघत बसू नका.

पुढचं वेळापत्रक असं: पहिल्या २४ तासांत दर ६ तासांनी, म्हणजे पहिली धरून चार मात्रा. रात्रीची मात्रा चुकवायची नाही. नंतर सकाळ-संध्याकाळ, आणखी चार दिवस. १०० मिलिग्रॅमच्या औषधाने ३० किलोच्या शेळीला पहिल्या दिवशी १२ मिलि आणि पुढे २४ मिलि, मिळून ३६ मिलि लागतं. एवढं एकदमच आणून ठेवा.

टोचायची जागा खांद्यापुढे मानेचा स्नायू. मागच्या मांडीत टोचू नका, तिथे पायाची नस दुखावली तर आधीच लुळी असलेली शेळी आणखी लंगडते. सुई २० गेज, एक इंच. एका जागी ५ मिलिपेक्षा जास्त नको, दर वेळी बाजू बदला. कमी ताकदीचंच औषध हाताशी असेल आणि ३० मिलि द्यायचं असेल तर ते कातडीखाली सहा ठिकाणी वाटून द्या. सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा. थायमिन सोडा-बायकार्बोनेटबरोबर एका सिरिंजमध्ये किंवा सलाइनमध्ये मिसळायचं नाही, अल्कलीत ते नासतं.

थायमिनच्या गोळ्या या टप्प्यावर भरवशाच्या नाहीत. कोठीपोटात तेच विकर बसलेलं असतं, तोंडाने दिलेलं तिथेच तुटतं.

मेंदूची सूज उतरवायला डॉक्टर डेक्सामेथासोन देतात. शेळी गाभण असेल तर ते त्यांना आधी सांगा, कारण गाभणकाळाच्या उत्तरार्धात या औषधाने गर्भपात होऊ शकतो. सतत झटके येत असतील तर ते शमवण्याचं औषधही त्यांच्याकडूनच.

पहिले तीन दिवस

शेळीला सावलीत, शांत, अंधूक जागी ठेवा. खाली पाचट, भुसकट किंवा लाकडाचा भुसा किमान अर्धा फूट जाड. आडवी पडू देऊ नका. पोटावर, पाय मुडपून बसलेल्या अवस्थेत ठेवा आणि दोन्ही बाजूंना भुसकट भरलेली पोती लावून आधार द्या. कुशीवर सपाट पडलेल्या शेळीचा वायू ढेकरेतून बाहेर पडत नाही, पोट फुगतं आणि ती मूळ आजाराने नव्हे तर फुगण्याने मरते. दर दोन-तीन तासांनी एका नितंबावरून दुसऱ्यावर वळवा. घोटे, कोपर, नितंबाची हाडं लाल झाली का ते बघत राहा.

गिळता येत नाही तोवर तोंडात काहीही ओतू नका. पाणी नाही, तेल नाही, चहा नाही, दारू तर नाहीच. मान मागे वळलेल्या शेळीला बाटलीने पाजलं की ते सरळ फुप्फुसात जातं, आणि मेंदू बरा होत असताना ती चौथ्या दिवशी न्यूमोनियाने जाते. आधी बोटाला पाणी लावून ओठाच्या कडेला लावा. जीभ हलवून गिळते का ते गळ्यावर बघा. गिळत असेल तर डोकं नेहमीच्या उंचीवर ठेवून उथळ भांड्यातून तिचं तिला पिऊ द्या. गिळत नसेल तर डॉक्टर शिरेतून द्रव देतील किंवा नळीने पोटात सोडतील.

दाणा जास्त झाल्याचं नक्की असेल आणि गिळणं नीट असेल तर १५ ते २० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून थोडा थोडा पाजतात.

डोळे उघडे राहून कोरडे पडतात, भुशाने खरचटतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याने दिवसातून तीनदा पुसा. पांढुरका डाग दिसला तर थेंब डॉक्टरांना विचारूनच घाला. दुभती असेल तर सड हाताने हलके करा, तिची करडं दुसऱ्या शेळीखाली किंवा बाटलीवर लावा.

गुण कधी दिसतो? काही शेळ्या पहिल्या मात्रेनंतर थोड्याच तासांत मान सरळ करतात. बहुतेकींत २४ तासांच्या आत फरक जाणवतो. आधी झटके थांबतात, मग मान सैल होते, मग ती बसती होते, कान हलवते, चाऱ्याकडे तोंड नेते. दृष्टी सगळ्यात शेवटी येते. शेळी उभी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी इंजेक्शन बंद करणं ही मात्रेखालोखाल घडणारी दुसरी मोठी चूक. कोठीपोटाचा कारखाना अजून सुरू झालेला नसतो, दिलेलं थायमिन दिवसात संपतं आणि ती पुन्हा पडते. पूर्ण मात्रा वेळेवर देऊनही तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर मेंदूची कायमची हानी झाली असावी किंवा आजार दुसराच असावा. तेव्हा तिचे हाल लांबवायचे की नाही, हे डॉक्टरांबरोबर मोकळेपणाने बोला.

पुन्हा पायावर आणि चाऱ्यावर

आता संयम लागतो. बसती झालेली शेळी दिवसातून तीन-चार वेळा उभी करा. पोत्याची किंवा जुन्या सतरंजीची रुंद पट्टी छाती-पोटाखालून घेऊन बांबूला किंवा गोठ्याच्या वाशाला टांगा. खुर जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, वजन निम्मं पट्टीवर आणि निम्मं पायांवर. १० ते १५ मिनिटं पुरे. बोकडाची पट्टी शिस्नाच्या पुढे संपेल अशी बांधा, नाहीतर लघवी अडते. मध्ये मध्ये प्रत्येक पाय दहा-पंधरा वेळा हळूच दुमडून सरळ करा, मांडीचे स्नायू चोळा. तीन-चार दिवस न उठलेल्या शेळीचे स्नायू इतके झडतात की मेंदू बरा झाला तरी पाय साथ देत नाहीत.

दाणा किमान दहा दिवस पूर्ण बंद. अशक्त दिसते म्हणून मूठभर मका देण्याचा मोह फार होतो, पण ज्याने आजार आला तेच पुन्हा देणं आहे ते. कडबा, भुईमुगाचा वाळलेला पाला, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट कायम पुढ्यात. हिरव्यात बाभूळ, बोर, उंबर, हादगा, शेवरी यांच्या डहाळ्या तोंडाच्या उंचीला टांगा. शेळीला खालचं उचलण्यापेक्षा वरचं ओरबाडायला आवडतं, आजारीसुद्धा त्याने खाती होते. सुबाभूळ द्यायची तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत.

रवंथ दोन दिवसांत परतली नाही तर निरोगी शेळीच्या कोठीपोटातला रस हा जुना आणि खात्रीचा उपाय. ओळखीच्या खाटकाकडून ताज्या, निरोगी जनावराचा कोठीपोटातला मऊ चारा घ्यायचा, फडक्यातून पिळायचा, आणि गार होण्याआधी ३०० ते ५०० मिलि रस डॉक्टरांकडून नळीने पोटात सोडून घ्यायचा. त्याने चांगले जिवाणू एकदम परत येतात. बाजारातली यीस्टची भुकटी त्याच्या खालोखाल.

अकराव्या दिवसापासून ५० ग्रॅम जाडा भरडा, नेहमी चारा खाऊन झाल्यावर. दर तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवा. लेंड्या मऊ, चिकट झाल्या किंवा खाणं घटलं की लगेच मागच्या पायरीवर या.

न दिसणाऱ्या शेळीला छोट्या, कोपरे नसलेल्या कप्प्यात ठेवा. पाण्याचं भांडं आणि चाऱ्याची जागा रोज तीच. सोबत एक शांत शेळी ठेवा आणि तिच्या गळ्यात घंटा बांधा, आंधळी तिच्या मागे चालायला शिकते. दृष्टी काही दिवसांत येते, कधी तीन-चार आठवडे घेते. पापणीची तीच तळहाताची चाचणी दर चार दिवसांनी करा. थोडं अधू दिसणं कायम राहिलं तरी शेळी गोठ्यात नीट जगते, विते आणि दूध देते. फक्त तिला रानात मोकळी सोडू नका.

बाकीच्या कळपाचं काय

एक पडली म्हणजे तोच खुराक खाणाऱ्या बाकीच्यांचंही कोठीपोट बिघडलेलं असू शकतं. त्याच दिवशी सगळ्यांचा दाणा निम्म्यावर आणा, बुरशीची पेंड फेकून द्या, मळी थांबवा, अँप्रोलियम चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा. सगळ्यांच्या पापण्यांची चाचणी करा. एकापाठोपाठ दोन-तीन आजारी पडल्या तर विहिरीचं पाणी सल्फेटसाठी तपासून घ्या.

पुढच्या वेळी खुराक वाढवायचा असेल तर किमान दोन आठवडे घ्या, पीठ नव्हे जाडा भरडा द्या, आणि सकाळी आधी वाळला चारा, मग खुराक हा क्रम मोडू नका. खळ्याच्या दिवसांत शेळ्या सोडण्याआधी त्यांना पोटभर कडबा घाला. थायमिनच्या कुप्या उजेडापासून दूर, गार जागी, पेटीवर 'पूर्ण मात्रा: किलोमागे १० मिलिग्रॅम' असं लिहून ठेवा, आणि वर्षातून दोनदा मुदतीची तारीख बघा.